पहिलं टेबल नवख्याचं

अरे, क्लबचा अध्यक्ष झालास हे तुझ्या बाबांकडून कळलं. फार आनंद झाला, आणि लगेच काही गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. अमेरिकेत शिकत असताना विद्यापीठातला असाच क्लब मीही चालवला आहे, मॅजिक : द गॅदरिंगचा. खेळ तुला माझ्याहून चांगला येतो. क्लब चालवणं मात्र वेगळी विद्या आहे, तेवढ्यापुरतं आत्याचं ऐक.

मेंढीकोट असो की रमी, ५२ पत्त्यांचा कॅट सगळ्यांना एकच असतो. तुमच्या खेळात प्रत्येक जण आपापला कॅट जमवून आणतो आणि जमवायला पैसे पडतात. एकेका पत्त्याला चाळीस डॉलर मोजणारा आणि स्टायपेंडमधून भाडं भागवून उरेल त्यात महिना काढणारा समोरासमोर बसले, की पहिला पत्ता पडण्याआधीच निम्मा डाव लागलेला असतो. क्लबची सगळी व्यवस्था ही तफावत पुसण्यासाठी लाव. स्पर्धा, बक्षिसं, टी-शर्ट हे सगळं नंतर.

त्यासाठी सर्वांत आधी क्लबचा स्वतःचा क्यूब तयार कर. ३६० पत्ते, प्रत्येकाची एकच प्रत. पंधरा-पंधराचे गठ्ठे केले की आठ जणांना तीन-तीन येतात. गठ्ठ्यातला एक पत्ता ठेवायचा आणि उरलेले डावीकडच्याला द्यायचे. दुसरा गठ्ठा उजवीकडे फिरतो, तिसरा पुन्हा डावीकडे. प्रत्येकाच्या हाती ४५ पत्ते येतात. त्यांतले साधारण २३ निवडायचे, वेगळ्या डब्यातल्या १७ लँड घालायच्या, आणि चाळिसाचा कॅट तयार. खेळ संपला की सगळे पत्ते परत खोक्यात. कुणाच्या खिशात किती आहे हा प्रश्नच उरत नाही. कोण काय निवडतो, शेजाऱ्याच्या मनातलं काय ओळखतो, एवढंच उरतं. आणि हा क्यूब महाग नसतो. जुन्या सदस्यांच्या खोल्यांत कॉमन पत्त्यांची खोकी धूळ खात पडलेली असतात. मोकळेपणाने माग, लोक देतात. पैसे खर्च करायचेच तर स्लीव्हवर कर, आणि सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच कंपनीच्या घे. थोड्या जास्तीच्या ठेव. एक स्लीव्ह फाटली की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो, म्हणून तिथल्या तिथे बदल.

क्यूबशिवाय चार-पाच तयार कॅटही ठेव. साठ-साठ पत्ते, त्यांत चोवीसच्या आसपास लँड, बाकी सगळे कॉमन. प्रत्येकावर तो काय करतो हे दोन ओळींत लिहून चिकटव. दाराजवळचं पहिलं टेबल नवख्यांचं. तिथे दर वेळी एक जाणता सदस्य बसलाच पाहिजे, आणि त्या संध्याकाळी त्याने स्वतःच्या खेळाची आशा धरायची नाही.

शिकवताना पहिला डाव उघड्या पत्त्यांनी खेळा. पहिल्या दिवशी स्टॅकसारखे किचकट नियम समजावायला जाऊ नका. लँड टाकणं, प्राणी उतरवणं आणि हल्ला करणं एवढं पुरे. चूक दिसली तरी लगेच बोट घालू नका, चुकीची किंमत पटावर दिसू द्या. आणखी एक, हे मी अध्यक्ष म्हणून फार पाहिलं आहे. मुलगी खेळायला बसली की मागे तीन जण उभे राहतात आणि तिला चाली सांगू लागतात. तिला खेळ येत असतो, नसला तरी तिने विचारलेलं नसतं. दोन आठवड्यांत ती येणं बंद करते आणि मग हेच म्हणतात की मुलींना आवड नसते. त्या तिघांना उठवणं अध्यक्षाचं काम आहे. नीट शब्दांत, पण सगळ्यांसमोर उठव.

पिसण्याबद्दल कडक राहा. लँड मोजून-मोजून दर दोन पत्त्यांमागे एक खोचणारे आणि त्यावर एकदाच वरवर पिसणारे सगळीकडे भेटतात. ही फसवणूकच आहे, करणाऱ्याला तसं वाटो न वाटो. ढीग पाडून वाटणं म्हणजेही पिसणं नव्हे, त्याने फक्त पत्ते मोजले जातात. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की, ५२ पत्त्यांचे दोन भाग करून ते एकमेकांत मिसळायचे, तर पत्ते नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. तुमचे तर साठ असतात. सातपेक्षा कमी चालणार नाही, आणि त्यानंतर कॅट समोरच्याला काटायला द्यायचा. मित्र असला तरी द्यायचा. मित्रांमध्ये ही सवय असली की परक्याला कॅट देताना अपमान वाटत नाही.

आता अदलाबदल. क्लब मोडतात ते बहुधा हरण्या-जिंकण्यावरून नव्हे, इथे मोडतात. नवख्याच्या पाकिटात महागडा पत्ता निघतो, त्याला तो कळत नाही, आणि कुणीतरी पाच चकचकीत पत्ते पुढे सरकवून तो उचलतो. महिन्याभराने त्याला किंमत कळते, आणि तो क्लबमध्ये पुन्हा दिसत नाही. नियम कर : सौद्याआधी दोघांनी फोनवर, दोघांना दिसेल असा, टीसीजीप्लेयर या संकेतस्थळावरचा भाव पाहायचा. नंतर ज्याला जे द्यायचं ते देऊ दे. जवाहिऱ्याकडे असतं तसं छोटं पण चांगलं भिंगही क्लबच्या डब्यात ठेव. मॅजिकच्या पत्त्याच्या पाठीवर पाच रंगांचे ठिपके असतात. त्यांतल्या हिरव्या ठिपक्यात भिंगातून चार बारीक लाल टिंबं दिसतात, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात. नकली पत्त्यावर ती बहुधा पुसट असतात, नाहीतर नसतातच. महाग सौद्याआधी हे पाहायला अर्धं मिनिट लागतं.

पैजा लावू देऊ नकोस. हा खेळ विद्यापीठाच्या आवारातच वाढला. तो रचणारा रिचर्ड गारफिल्ड पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणितात पीएच.डी. करत होता. १९९३ मध्ये खेळ बाजारात येण्याआधी त्याचे सहविद्यार्थी आणि मित्र तो खेळून पाहत होते. खेळाच्या मूळ नियमांत पैजही होती : प्रत्येक डावाला एकेक पत्ता पणाला लावायचा होता, जिंकणारा दोन्ही घेऊन जाई. लोकांना ते रुचलं नाही, पैजेचे पत्ते स्पर्धांतून बाद झाले आणि ती पद्धतच मागे पडली. जिथे खेळ घडला तिथल्यांनाही ती टिकवता आली नाही. तुमच्याकडे कुणी ‘मजा म्हणून’ पुन्हा आणू पाहील, तेव्हा ठाम नाही म्हण.

बैठक शुक्रवारी ठेवू नकोस. २००० पासून दुकानांमध्ये फ्रायडे नाइट मॅजिक चालतं. गावातल्या दुकानदाराच्या पोटावर पाय द्यायचा नाही. उलट नवे सदस्य शुक्रवारी तिकडे घेऊन जा, तो तुम्हाला स्लीव्हमध्ये सवलत देईल. युगिओवाल्यांनाही त्याच खोलीत टेबल दे. त्यांचे पत्ते जरा लहान असतात, ५९ बाय ८६ मिलिमीटर. मॅजिकचे ६३ बाय ८८. देणगीतल्या स्लीव्ह वाटताना हे बघ, नाहीतर त्यांचे पत्ते आत खुळखुळतात. फॉइल पत्ते जुलैत पुण्याला आणणार असलास तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून आण. कागद ओल शोषतो, वरचा चकचकीत थर शोषत नाही, म्हणून पत्ता वाकतो. आणि चिप्स खाणाऱ्यांनी हात धुतल्याशिवाय क्यूबला हात लावायचा नाही.

हिशेबाची वही रोज लिही, आणि ती कुणालाही पाहता आली पाहिजे. विद्यार्थी परिषदेकडून पैसे घेणार असाल तर त्यातून बक्षिसं घेता येतात का हे आधी लेखी विचार.

सगळ्यात जास्त काळजी घे ती पुढच्या अध्यक्षाची. सही करणारे सगळे एकाच वर्षी पदवी घेऊन गेले की खातं अडकतं, खोलीची नोंद जाते आणि क्यूबचं खोकं कुणाच्या तरी कपाटात राहून जातं. असं होऊन बंद पडलेले क्लब मला माहीत आहेत. म्हणून दुसऱ्या वर्षातल्या दोघांना या सत्रापासूनच सोबत घे. खातं, पासवर्ड, कपाटाची किल्ली आणि ३६० पत्त्यांची यादी एप्रिलच्या परीक्षेआधी त्यांच्या हाती दे, आणि यादीची एक प्रत मलाही पाठव.