तळटीपेत सापडलेला अर्थ

समीकरण आधी हाती यावे आणि त्याचा अर्थ मागाहून शोधावा लागावा, हे आपल्यासारख्या कलाशाखेच्या वाचकांना चमत्कारिक वाटेल. तरंगयामिकीच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडले.

इलेक्ट्रॉन हा कण असला तरी त्याला तरंगाचेही अंग असले पाहिजे, असा विचार लुई द ब्रॉग्ली याने १९२४ साली पॅरिस येथील आपल्या प्रबंधात मांडला. झुरिकला एर्विन श्रोडिंजर याने या कल्पनेवर व्याख्यान दिले, तेव्हा 'तरंग म्हटला की त्याचे समीकरण हवे' अशा अर्थाचे काहीतरी पीटर डेबाय बोलून गेला, असे सांगतात. १९२५ चा नाताळ श्रोडिंजरने आल्प्समधील आरोसा गावी काढला. सापेक्षतावादाला धरून त्याने प्रथम मांडलेले समीकरण हायड्रोजनच्या वर्णपटाशी पुरते जुळेना. ते बाजूस ठेवून त्याने साधे रूप घेतले, आणि ताणलेल्या तारेतून ठराविकच सूर निघावेत तशा हायड्रोजनच्या ऊर्जेच्या ठराविक पायऱ्या त्यातून आपोआप निघाल्या! जानेवारी १९२६ मध्ये त्याचा पहिला निबंध छापावयास गेला.

पण ही लाट कशाची? समुद्राची लाट पाण्याची असते, ध्वनीची हवेची. इलेक्ट्रॉनचा विद्युत्भारच लाटेसारखा पसरलेला असावा, असे श्रोडिंजरला वाटे. परंतु दोन इलेक्ट्रॉन घेतले की ही लाट सहा मितींत जाते. आपल्या तीन मितींच्या जगात तिला ठेवायचे कोठे? शिवाय मोकळ्या इलेक्ट्रॉनची लाट काळाबरोबर पसरत जाते. इलेक्ट्रॉन मात्र सापडतो तेव्हा सबंध सापडतो.

गटिंगेनच्या माक्स बोर्नने त्याच वर्षी जूनमध्ये कणांच्या टकरींवर एक छोटा निबंध लिहिला. ही लाट पदार्थाची नव्हे, कण कोठे सापडेल त्या संभाव्यतेची, असे त्याचे म्हणणे. मूळ मजकुरात त्याने लाटेचे मूल्य हीच संभाव्यता धरली होती. पण ते मूल्य उणेही असू शकते, आणि संभाव्यता कधी उणे असेल काय? मुद्रिते तपासताना त्याने तळटीप जोडली: संभाव्यता लाटेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आजचे प्रत्येक पाठ्यपुस्तक जे शिकवते, ते प्रथम छापले गेले ते असे पानाच्या तळाशी, बारीक टाइपात.

श्रोडिंजरला हा अर्थ मनापासून कधीच पटला नाही. १९३५ साली त्याने पेटीतले ते प्रसिद्ध मांजर कल्पिले, तेही या विचारसरणीतील विसंगती दाखविण्यासाठीच. त्याला नोबेल पारितोषिक १९३३ मध्ये मिळाले; बोर्नला त्या अर्थाबद्दल १९५४ पर्यंत वाट पाहावी लागली.