पत्रकाराचे संरक्षण : एक सामाजिक कर्तव्य

संघटित गुन्हेगारी लोकांच्या मौनावर पोसली जाते. हे मौन मोडणारा वार्ताहर साहजिकच टोळ्यांच्या रोषास प्रथम पात्र होतो. त्याच्यावरील हल्ल्याचा हेतू बहुधा बातमी दडपणे हाच असतो. म्हणून बातमी एकट्याच्याच हाती राहू न देणे, हा संरक्षणाचा पहिला उपाय होय.

अमेरिकेतील फिनिक्स शहरी जून १९७६ मध्ये डॉन बोल्स या वार्ताहराच्या मोटारीत बाँबस्फोट घडविण्यात आला व अकरा दिवसांनी त्यांचे निधन झाले. तेव्हा निरनिराळ्या वृत्तपत्रांतील सुमारे ४० पत्रकार तेथे एकत्र आले आणि १९७७ मध्ये त्यांनी त्या राज्यातील संघटित गुन्हेगारीवर लेखमाला प्रसिद्ध केली. आयर्लंडमध्ये अमली पदार्थांच्या टोळ्यांविषयी लिहिणाऱ्या व्हेरॉनिका गेरिन यांची २६ जून १९९६ रोजी हत्या झाली. त्याच वर्षी तेथील शासनाने गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता जप्त करण्यासाठी कायदा करून स्वतंत्र यंत्रणा उभारली. पहिल्या प्रसंगी व्यवसायबंधू, तर दुसऱ्या प्रसंगी शासन पुढे आले.

मुंबईत पवई येथे ११ जून २०११ रोजी ज्येष्ठ गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांची गोळ्या घालून हत्या करण्यात आली. मे २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने छोटा राजन व इतर आठ जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्यास जवळजवळ सात वर्षे लागली.

राज्याचा कायदा

दरम्यान २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने पत्रकार व प्रसारमाध्यम संस्था यांच्यावरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. त्यान्वये असा हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. नुकसानभरपाई व वैद्यकीय खर्च यांचीही जबाबदारी अपराध्यावर आहे. खोटी तक्रार करणाराही शिक्षेस पात्र ठरतो.

मात्र पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असणारी व्यक्तीच या कायद्याच्या व्याख्येत येते. शेती वा दुकान सांभाळून बातम्या धाडणाऱ्या ग्रामीण वार्ताहराला तिचा आधार मिळेलच असे नाही. वाळूचा अवैध उपसा किंवा जमिनीचे गैरव्यवहार यांविषयी लिहिताना धोका मात्र त्यालाही तितकाच असतो. त्याला धमकी आल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ चा आधार आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपण काय करावे?

वार्ताहराने धमकीची तारीख, वेळ व शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत, संपादकांना कळवावेत आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. कागदपत्रांची एक प्रत अन्यत्र ठेवावी. जोखमीच्या ठिकाणी एकट्याने जाऊ नये. जाण्यायेण्याची वेळ विश्वासू सहकाऱ्यास सांगावी. बातमी देणाऱ्या ग्रामस्थाचे नाव उघड होणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

अधिकाऱ्यांनी तक्रारदाराचे नाव बाहेर फुटू देऊ नये आणि मागितलेली अधिकृत माहिती वेळेवर द्यावी. पंचायत सदस्यांनी वार्ताहरासोबत ठाण्यात जाण्यास कचरू नये. शिक्षकांनी हा कायदा ग्रामस्थांना समजावून सांगावा. वार्ताहराच्या पाठीशी सारे गाव उभे आहे असे दिसले, तर त्याच्यावर हात उगारणारा दहादा विचार करील.