पहिली दुपार ओळखीची

शिरूर (घोडनदी)

चि. सौ. छकुलीस,


दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चौघं मुंबई–गोवा क्रूझला निघालात, हे ऐकून फार बरं वाटलं. तू फोनवर विचारलंस, "मावशी, दुपारी जहाजावर चढल्या चढल्या मुलांना आधी कुठं नेऊ? स्विमिंग पूल, जेवण की खेळायची खोली?" तेव्हा घाईत उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पत्र जावईबापूंनाही वाचायला दे, यातली निम्मी कामं त्यांच्या वाटणीची आहेत.

आधी मुद्द्याचं सांगते. पहिली दुपार मौजेसाठी धरू नकोस, ओळखीसाठी धर. जहाजाची वाट, तिथली माणसं आणि धोक्याची शिट्टी एकदा मुलांच्या ओळखीची झाली की पुढचे दिवस तुम्हाला मोकळे मिळतील. ती ओळख राहून गेली, तर शेवटच्या दिवसापर्यंत तू मुलांच्या मागे धावत राहशील.

तुम्ही ज्या 'एम्प्रेस'वर जाणार, ती १९९० पासून समुद्रावर आहे. अकरा डेक म्हणजे अकरा मजले आणि दीड हजारांहून जास्त प्रवासी. आपल्याकडची एखादी वाडीच म्हण ना, फक्त सगळे रस्ते आणि दारं एकसारखी. मोठी माणसंही पहिल्या दिवशी चुकतात. मग सात वर्षांचं पोर चुकलं तर त्याला रागावू नये, त्याला आधी शिकवावं.

दौंडहून पहाटेची गाडी पकडून त्याच दुपारी जहाज गाठायचा बेत मात्र रद्द कर. आदल्या दिवशीच मुंबईला पोचा. सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअर जवळच आहे. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि अर्धवट झोपलेली मुलं दुपारी हट्ट करतात, जेवत नाहीत. मुलांची मूळ ओळखपत्रं आणि तिकिटाचे कागद तुझ्या खांद्यावरच्या पिशवीत असू देत. मोठ्या बॅगा धक्क्यावर चिठ्ठी लावून दिल्या की केबिनच्या दारापर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून त्याच पिशवीत औषधं, पोहण्याचे कपडे, एकेक बदलायचा जोड, टोपी आणि चार्जर ठेव.

चढल्यावर सगळ्यात आधी जेवण. बुफेवर पहिल्या तासात झुंबड असते, तेव्हा एकानं मुलांजवळ बसायचं आणि एकानं ताटं आणायची. पहिल्या दुपारी पानात हलकंच वाढ: वरणभात, पोळी, फळ. तळलेलं आणि आईस्क्रीम रात्रीसाठी राहू दे. कारण साधं आहे. बोट लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त होतो. डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते. या विसंगतीनं मळमळतं. दिवाळीनंतर अरबी समुद्र बराच शांत असतो, तरी तयारी हवी. औषध आणि त्याचं प्रमाण निघण्याआधीच तुमच्या डॉक्टरांना विचारून घे, कारण ही औषधं त्रास सुरू होण्याआधी द्यावी लागतात. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेव. कुणाला कसंसंच झालं तर मोबाइल काढून घे, मधल्या भागात मोकळ्या हवेवर ने आणि दूर क्षितिजाकडे बघायला सांग.

जेवण झालं की जहाज पायी फिरा. लिफ्ट नको, जिना घ्या. तू पुढे चालू नकोस, मुलांना चालू दे. केबिनपासून जेवणाच्या जागेपर्यंत आणि तिथून परत, असं दोनदा त्यांनीच तुम्हाला न्यायचं. केबिनचा नंबर आणि डेक दोघांकडून पाठ करून घे, धाकट्याच्या मनगटावर पेनानं लिही. हरवलं तर काय करायचं, तेही स्पष्ट सांग: धावायचं नाही, गणवेशातल्या माणसाजवळ जायचं आणि नंबर सांगायचा. जहाजाची दारं जड असतात, बोटं सापडतात. न्हाणीघराला उंच उंबरठा असतो, ठेच लागते. केबिनला बाल्कनी असेल तर तिथली खुर्ची पहिल्याच दुपारी कठड्यापासून लांब सरकव, आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय बाल्कनीचं दार उघडायचं नाही, हा नियम तेव्हाच घाल.

आता सर्वांत महत्त्वाचं. जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते. त्या वेळी पुष्कळ लोक मुलांना स्विमिंग पुलावर ठेवून कवायत उरकू पाहतात. तू तसं होऊ देऊ नकोस. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आदळली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तोवरच्या नियमात चोवीस तासांची सवलत होती. पुढे नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. तुझ्या पहिल्या दुपारचा हा अर्धा तास माणसांच्या जिवाची किंमत मोजून आलेला आहे.

सात आखूड आणि एक लांब शिट्टी म्हणजे धोक्याची खूण. मुलांकडून तोंडानं वाजवून घे, त्यांना आवडेल आणि लक्षातही राहील. आपल्या कार्डावरचं जमण्याचं ठिकाण त्यांच्या डोळ्यांनी त्यांना बघू दे. मुलांची लाइफ जॅकेटं वेगळी असतात. प्रवाशांच्या निदान दहा टक्के तरी ती जहाजावर ठेवावीच लागतात. केबिनमध्ये मोठ्यांचीच दिसली तर खोलीची व्यवस्था बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडून त्याच दुपारी मुलांच्या मापाची मागून घे आणि एकदा घालून बघ.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. आपण पाण्याकाठची माणसं. शिरापूरहून नावेत बसून भीमा ओलांडून सिद्धटेकच्या गणपतीला जाणं तुझ्या आईला आणि मला नवं नव्हतं. आता तिथं नदीवर पूल आहे. घोड नदीच्या कालव्यात आपल्याकडची कितीतरी पोरं पोहायला शिकली. पण त्याच भीमेवर, उजनीच्या पाण्यात, २१ मे २०२४ ला कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळात बोट उलटली आणि सहा जण गेले. पाण्याची सवय असणं वेगळं आणि पाण्याची शिस्त असणं वेगळं. मुलांना सवय लागेलच, शिस्त आपण द्यायची. म्हणून पहिल्या दुपारी स्विमिंग पूल अर्धाच तास, आणि तुम्हा दोघांपैकी एक जण हाताच्या अंतरावर. थोरला कालव्यात पोहतो म्हणून त्याला एकटं सोडू नकोस. जहाज डुललं की पुलातलं पाणीही डुलतं.

मुलांच्या खेळघरात नावं घालायची असतील तर तीही दुपारीच घाल. मग तासभर पडदे ओढून सगळे आडवे व्हा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकण्याआधी दौंडच्या आजी-आजोबांशी मुलांना बोलू दे. किनारा सुटला की नेटवर्क जातं, आणि जहाजाच्या रोमिंगचं बिल फार येतं.

जहाज सुटताना मात्र सगळे वरच्या डेकवर या. ती घटका दवडू नका. गेटवे आणि ताज मागे सरतील, मग कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्राँग्ज दीपगृह. दक्षिणेला निघाल्यावर किनारा डाव्या हाताला आणि मावळतीचा सूर्य उजव्या हाताला, एवढ्यावरून मुलांना दिशा कळतील. उजेड असला तर डावीकडे खांदेरी शोधायला लाव. शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रजांचा विरोध मोडून तिथं किल्ला बांधायला घेतला. जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरी आहे आणि आपल्या शेजारच्या जुन्नरचा शिवनेरीही. मुलांनी शिवनेरी पाहिलाय, त्यामुळे हे त्यांना पटकन आपलं वाटेल. आणखी एक सांग: आपल्या घोड-भीमेचं पाणी या समुद्राला येत नाही. ते कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागरात जातं. नकाशावर बोट ठेवून दाखव, थोरला रात्रभर प्रश्न विचारील.

रात्रीचे कार्यक्रम उशिरापर्यंत चालतात. पहिल्या रात्री ते सोडून द्या. नऊला मुलं झोपली पाहिजेत, म्हणजे दुसरा दिवस हसत उजाडेल. दुपारी करायच्या गोष्टींची यादी लांबवू नकोस. हलकं जेवण, वाटांची ओळख, कवायत, थोडी झोप आणि सुटणारा किनारा, एवढ्यानं दुपार भरते. पैसे भरलेत म्हणून सगळं पहिल्याच दिवशी वसूल करायची घाई करू नका. आणि बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण त्या कवायतीला चौघांनीही उभं राहायचं, एवढं माझं ऐक.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
मावशी