खतांच्या मात्रेचे गणित : एकसामयिक समीकरणांचा उपयोग

सोयाबीनला हेक्टरी ५० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद व ४५ किलो पालाश द्यावे, अशी शिफारस आहे. परंतु दुकानात नत्र व स्फुरद वेगवेगळे मिळतातच असे नाही. २०:२०:०:१३ या संयुक्त खताच्या शंभर किलोंत २० किलो नत्र व २० किलो स्फुरद असते; डायअमोनियम फॉस्फेटच्या शंभर किलोंत १८ किलो नत्र व ४६ किलो स्फुरद असते. ही दोनच खते हाताशी असता प्रत्येकाचे किती किलो घ्यावे?

पुष्कळदा हा हिशेब तुकड्यातुकड्याने केला जातो. ५० किलो नत्रासाठी २५० किलो संयुक्त खत घेतले, त्यातून स्फुरदही ५० किलो मिळाले; उरलेल्या २५ किलो स्फुरदासाठी ५४ किलो डायअमोनियम फॉस्फेट घेतले. स्फुरद बरोबर भरले, पण दुसऱ्या खतातून सुमारे १० किलो नत्र जादा गेले. सोयाबीन हे मुळांवरील गाठींच्या द्वारे हवेतील नत्र मिळविणारे पीक आहे. त्याला जादा नत्र देणे म्हणजे पैसे मोजून गाठींचे काम बंद पाडणे होय.

दोन्ही अटी एकाच वेळी पाळावयाच्या, म्हणून समीकरणेही एकत्रच सोडविली पाहिजेत. संयुक्त खत ‘क्ष’ किलो व डायअमोनियम फॉस्फेट ‘य’ किलो मानावे. टक्केवारी असल्यामुळे दोन्ही बाजूंस शंभराने गुणले की,

२०क्ष + १८य = ५००० (नत्र)
२०क्ष + ४६य = ७५०० (स्फुरद)

क्षचे सहगुणक सारखेच असल्याने दुसऱ्यातून पहिले वजा करावे. २८य = २५००, म्हणून य सुमारे ८९. ही किंमत पहिल्या समीकरणात घातली असता क्ष सुमारे १७० येतो. ताळा असा : नत्र ३४ + १६ = ५०; स्फुरद ३४ + ४१ = ७५. एकूण खत २५९ किलो लागले. आधीच्या रीतीने ३०४ किलो लागत होते. शिवाय संयुक्त खतातून सुमारे २२ किलो गंधक मिळते, ते तेलबियांना हवेच असते. पालाशाचा हिशेब स्वतंत्र आहे : ६० टक्क्यांचे म्यूरेट ऑफ पोटॅश ७५ किलो.

उत्तर ऋण आले तर गडबडून जाऊ नये. नत्र २० व स्फुरद ६० किलो हवे असल्यास याच रीतीने य १४३ येतो व क्ष शून्याखाली जातो. नत्राच्या तिप्पट स्फुरद या दोन खतांच्या कोणत्याही मिश्रणातून मिळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेथे संयुक्त खत सोडून सिंगल सुपर फॉस्फेट घ्यावे व समीकरणे नव्याने मांडावी. दोन्ही खतांत नत्र-स्फुरदाचे प्रमाण एकच असेल, जसे १५:१५:१५ व १९:१९:१९, तर वजाबाकीत दोन्ही अक्षरे नाहीशी होतात. अशी जोडी घेऊन प्रमाण बदलता येत नाही.

एकरी मात्रेसाठी उत्तरास २.४७ ने भागावे. वरील उदाहरणात ती अनुक्रमे ६९ व ३६ किलो येते.