जुनाट जखमा आणि दानातून मिळालेली ऊती

पॉवरलूमवर दिवसाचे दहा-बारा तास उभा राहणारा, पन्नाशी ओलांडलेला मधुमेही कामगार तळपायाला चिंधी गुंडाळून आपल्या बाह्यरुग्ण कक्षात येतो, हे दृश्य बुऱ्हाणपुरातील कोणत्याही व्यवसायबंधूस अपरिचित नाही. पायाची संवेदना गेल्यामुळे त्याला वेदना होत नाहीत, आणि वेदना नाहीत म्हणूनच तो उशिरा येतो. तोपर्यंत मलम, पावडर, प्रतिजैविके असे सर्व प्रयोग होऊन गेलेले असतात. ‘डॉक्टरसाहेब, पाय वाचेल ना?’ एवढाच त्याचा प्रश्न असतो. त्या प्रश्नाच्या उत्तरात दान केलेल्या मानवी ऊतीचे स्थान किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले. त्यांत शोधन आणि रोपण या दोन कल्पना वारंवार येतात. आधी शोधन, मग रोपण हा क्रम आजही बदललेला नाही. ऊतीचा उपचार हा रोपणाचा भाग आहे. शोधनाचा तो पर्याय नव्हे.

१. जखम जुनाट का होते?

निरोगी जखम दाह, नवऊतीनिर्मिती आणि दृढीकरण या पायऱ्या क्रमाने चढते. जुनाट जखम दाहाच्या पायरीवरच अडकून पडते. तिच्या स्रावात प्रथिने तोडणारी विकरे वाजवीपेक्षा अधिक असतात. शरीराने पाठविलेले वृद्धिघटक ती नष्ट करतात. जखमेच्या तळावर जंतूंचा चिकट थर बसतो. या सर्वांच्या मुळाशी बहुधा एखादे साधे कारण असते : पायावरील सततचा दाब, रोहिणीतील अडथळा, नीलांमध्ये साचलेले रक्त, अनियंत्रित साखर, हाडातील जंतुसंसर्ग, कुष्ठरोगाने गेलेली संवेदना किंवा कुपोषण.

म्हणून प्रथम नाडी चाचपावी. घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असल्यास रक्तपुरवठ्याचा शोध घ्यावा. मधुमेहात रोहिण्या कठीण झाल्याने हे गुणोत्तर फसवे वाढलेले दिसू शकते, हेही ध्यानात असावे. दहा ग्रॅमच्या तंतूने संवेदना तपासावी. वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेच्या कडेचा तुकडा तपासणीस पाठवावा, कारण तेथे कर्करोग दडलेला असू शकतो. मृत ऊती काढून टाकणे आणि पायावरील भार उतरविणे हे खरे शोधन होय.

त्यानंतर चार आठवडे वाट पाहावी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, २०३ रुग्णांच्या अभ्यासात मधुमेही पायाच्या ज्या जखमा चार आठवड्यांत जवळपास निम्म्याने आकसल्या नाहीत, त्यांपैकी केवळ ९ टक्के बारा आठवड्यांत भरल्या. अशा अडलेल्या जखमांसाठीच पुढचा उपचार आहे.

२. कोणती ऊती, कोणते कार्य?

पहिली ऊती म्हणजे उल्बपटल अर्थात अॅम्निऑन, गर्भाभोवतीचे सर्वांत आतले पातळ आवरण. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या तळपटलावर नव्या त्वचापेशी सहज सरकतात. त्यातील वृद्धिघटक भरण्यास चालना देतात आणि दाह कमी करतात. त्याची प्रतिकारशक्तीला जाणवणारी ओळख क्षीण असल्याने ते नाकारले जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. ते लावल्यावर वेदना व स्राव कमी होतात, हा अनुभव जुना आहे. त्वचारोपणात गर्भपटलांचा उपयोग अमेरिकेत १९१० साली नोंदविला गेला.

दुसरी ऊती म्हणजे मृत्यूनंतर दान केलेली त्वचा. ती कायमची रुजत नाही. ग्लिसरॉलमध्ये टिकविलेल्या त्वचेतील पेशी जिवंत नसतात. ती जैविक आच्छादन म्हणून काम करते. तिच्याखाली लालसर, निरोगी तळ तयार झाला की रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेचे रोपण यशस्वी होण्याची शक्यता वाढते. भाजलेल्या रुग्णांत तर ती प्राण वाचविते.

३. ऊतीपेढीचे कार्य

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली ऊतीपेढी सुरू झाली. मातेची लेखी संमती आणि रक्ततपासणी झाल्यावर उल्बपटल स्वच्छ करून, सुकवून, बंद पाकिटात गॅमा किरणांनी निर्जंतुक करावयाचे, अशी ही पद्धती आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सर्गाने निर्जंतुकीकरण करणारे आयसोमेड केंद्र १९७४ पासून तुर्भे येथे होतेच. वैद्यकीय साहित्यासाठी उभारलेल्या सोयीचा लाभ अशा रीतीने ऊतीलाही मिळाला. सुकविलेले पटल साध्या तापमानात टिकते. छोट्या गावातील दवाखान्याच्या दृष्टीने हा गुण मोठा आहे.

त्वचेच्या बाबतीत मुंबईतच शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी स्थापन झाली. पुढे ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरनेही असे कार्य उभारले. आपल्या बाजूस इंदूरच्या चोइथराम रुग्णालयात त्वचापेढी आहे.

४. एक धोक्याची सूचना

‘प्रसूतिगृहात पटल रोजच फेकले जाते, तेच धुऊन का लावू नये?’ हा प्रश्न मोह पाडणारा आहे. एकेकाळी ताजे पटल सर्रास वापरले जात असे. परंतु संसर्गाच्या सुरुवातीच्या काळात एचआयव्ही किंवा कावीळ ब व क यांची चाचणी निर्दोष येऊ शकते. प्रक्रिया न केलेले पटल म्हणजे अनोळखी व्यक्तीच्या रक्ताशी संपर्क. तसेच अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचा समावेश झाला असून ऊतीपेढीस नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत पेढीखेरीज अन्य ऊती वापरू नये. ती मिळत नसल्यास साधे, ओलसर आच्छादन अधिक सुरक्षित. मुंबईच्या डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८५ साली भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे आच्छादन वापरून स्वस्त उपायही शास्त्रशुद्ध असू शकतो, हे दाखविलेच आहे.

५. वापरण्याची रीत

जखम सलाइनने धुऊन मृत ऊती काढावी. सुकलेले पटल काही मिनिटे सलाइनमध्ये भिजवावे आणि कडेवर थोडे येईल असे पसरावे. खालची हवा काढावी. स्राव अधिक असल्यास बारीक छिद्रे पाडावीत. वर न चिकटणारी जाळी आणि मग गॉज ठेवावे. संसर्गाची चिन्हे नसतील तर पाच ते सात दिवस हात लावू नये. चिकटलेले पटल ओढून काढू नये. दर आठवड्यास जखमेचे माप लिहून ठेवावे. चार आठवड्यांत फरक नसेल तर पटलांची संख्या वाढवू नये, निदानाचा पुनर्विचार करावा. रक्तपुरवठा तुटलेला पाय, हाडातील उपचार न झालेला संसर्ग आणि कर्करोगाची शंका या तीन स्थितींत पटल लावणे म्हणजे वेळ घालविणे.

६. पुरावा आणि विवेक

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुकविलेले पटल लावलेल्या मधुमेही पायाच्या ९२ टक्के जखमा सहा आठवड्यांत भरल्या. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ८ टक्के होते. आकडा डोळे दिपविणारा आहे, पण रुग्ण केवळ २५ होते. दुसरीकडे, अमेरिकेत २०२४ साली मेडिकेअर या सरकारी योजनेचा त्वचापर्यायांवरील खर्च दहा अब्ज डॉलरच्या वर गेला. निवड न करता वापरल्यास दानाचा बाजार होतो, हा त्यातून घ्यावयाचा धडा.

७. दान आणि आपले गाव

पेढी दानाशिवाय रिकामी असते. त्वचादानासाठी मृत्यूनंतर साधारण सहा तासांची मर्यादा आहे. मांड्या, पाय व पाठ येथून त्वचेचा अतिशय पातळ थर घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही, शरीर विद्रूप होत नाही. पट्टी बांधून देह सन्मानाने परत दिला जातो. तथापि इंदूर ते बुऱ्हाणपूर हा रस्ता सुमारे १८० किलोमीटरचा. प्रवासातच चारएक तास जातात. म्हणजे निरोप पहिल्या तासातच गेला पाहिजे, आणि त्या तासात कुटुंबाजवळ बहुधा एकच माहितगार व्यक्ती असते : मृत्यूचा दाखला लिहिणारा डॉक्टर.

नेत्रदानाविषयी बोलण्याची सवय आपण लावून घेतली. त्वचेविषयी बोलताना अजून संकोचतो. शोकाकुल कुटुंबापुढे हा विषय काढणे अवघड आहे, हे मान्य. म्हणूनच तो आधी, निवांत वेळी, आपल्या दीर्घकालीन रुग्णांशी काढावा. पेढीचा क्रमांक दवाखान्यात लावून ठेवावा. पथक वेळेत पोहोचेल की नाही, हे तिलाच विचारावे. आपण मात्र विचारण्यास चुकू नये.

पॉवरलूमवरील त्या कामगाराला आपण काय उत्तर द्यावे? पायावरील भार उतरवू, रक्तपुरवठा पाहू, साखर आटोक्यात आणू, जखम स्वच्छ करू. आणि एवढे करूनही ती अडली, तर कोणा अनोळखी मातेने किंवा कुटुंबाने दिलेले पटल तिच्यावर ठेवू. त्या दात्याचे नाव त्याला कधीच कळणार नाही. त्याचा पाय पुन्हा जमिनीवर टेकला, तर दान पोहोचले असे आपण समजावे.