आधी बोटं दाखव, मग पापण्या

अगं, पापण्या सुजल्या म्हणून तू आधी काजळ बदललंस, मग तोंड धुवायचा साबण बदललास. आता जरा हात पुढे कर. नखांच्या कडेची कातडी लाल झालीय, रात्री खाजते, बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडल्यात आणि मिरचीचे देठ खुडताना जीव जातो, हो ना? मग दुखणं काजळाचं नाही, नखांवरच्या जेलचं असणार. पापणीची कातडी सगळ्या अंगात पातळ, आणि दिवसभरात आपला हात किती वेळा डोळ्याला, गालाला, मानेला लागतो! कधी कधी तर बोटं धडधाकट दिसतात आणि नुसत्या पापण्याच फुगतात. म्हणून नखांवर कुणाचा संशयच जात नाही.

तू म्हणशील, गेल्या लग्नसराईत लावलं होतं तेव्हा काहीच झालं नव्हतं. खरंय. ही ॲलर्जी पहिल्या दिवशी येतच नाही. जेलमध्ये, ॲक्रिलिक नखांमध्ये ॲक्रिलेट जातीची रसायनं असतात. बाटलीवर बारीक अक्षरांत एच-ई-एम-ए, म्हणजे हेमा, लिहिलेलं असतं, ते त्यातलंच. जेल सुकवायच्या लॅम्पखाली ते पूर्ण घट्ट झालं तर फारसा त्रास देत नाही. पण थर जाड लावला, लॅम्प एका कंपनीचा आणि जेल दुसऱ्याच कंपनीचं, वेळ कमी दिला, की आतलं कच्चं राहतं. ते कच्चं जेल कातडीला पुन्हा पुन्हा लागत राहिलं की शरीर एक दिवस त्याला शत्रू ठरवतं. त्यानंतर लावल्यावर एक-दोन दिवसांनी खाज उठते, आणि मधे दिवस गेल्यामुळे आपण दोष देतो कालच्या जेवणाला. युरोपात 2020 मध्ये नियम झाला की हेमा असलेलं नखांचं सामान फक्त प्रशिक्षित माणसांनीच वापरायचं आणि त्यावर ॲलर्जीची सूचना छापायची. आपल्याकडे मात्र तोच लॅम्प, त्याच बाटल्या मोबाइलवर मागवल्या की घरपोच येतात.

आपलं विसरवाडी महामार्गावरचं गाव. सुरतची फॅशन एसटीत बसून आपल्या दारात उतरते, आणि तुम्हा पोरींना ती हवीशी वाटते, त्यात काही गैर नाही. मी तुला नटू नको म्हणत नाही. पण एवढं ऐक: खाज आली की तीच नखं पुन्हा भरून घ्यायची नाहीत. लालसरपणा झाकायला नवा सेट तर अजिबात नको. आणि दाताने, सुईने उपटूनही काढू नकोस, खालच्या नखाचा पापुद्रा सोबत निघून येतो. कातडी फुटलेली नसेल तर कडेला व्हॅसलीन लाव, ॲसिटोनचा कापूस नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळ, आणि मऊ झालं की हळूच सरकव. चुलीपासून, गॅसपासून लांब बस, ॲसिटोन भडकतं. कातडी फुटलेली असेल तर हे काहीच करू नकोस, आधी डॉक्टर.

घरचे म्हणतील नखुरडं झालंय, लिंबात बोट खुपस. प्रेमाने सांगतात, पण चिरलेल्या बोटाला लिंबू म्हणजे जाळ. मेडिकलवाल्याकडून खाजेची ट्यूबही आणू नकोस. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये जोरकस स्टिरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं, आणि पापणीवर लावलं तर डोळ्याचं नुकसान होऊ शकतं. स्टिरॉइड लागतं, नाही असं नाही, पण कुठलं, किती दिवस, कुठे लावायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं. नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कातडीच्या डॉक्टरांना दाखव आणि पॅच टेस्टचं विचार. पाठीवर संशयित रसायनांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, आणखी दोन दिवसांनी पुन्हा. तिथे होत नसेल तर कुठे होईल ते तेच सांगतील. घरी मात्र कोपराला कच्चं जेल लावून बघायचा प्रयोग करू नकोस, त्यानेच नवी ॲलर्जी जडू शकते. आणि ओठ, जीभ सुजली, दम लागला, तर वाट न बघता 108 ला फोन.

मला सगळ्यात काळजी वाटते ती पुढची. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि ॲक्रिलेट नुसती नखांत नसतात. दातात भरायच्या पांढऱ्या सिमेंटमध्ये असतात, गुडघा बदलताना हाडाला धरून ठेवणाऱ्या सिमेंटमध्ये असतात. म्हणून दाताच्या डॉक्टरांना, ऑपरेशनच्या आधी प्रत्येक डॉक्टरला, ‘मला ॲक्रिलेटची ॲलर्जी आहे’ हे सांगायचं. आईलाही माहीत असू दे, तुला बोलता येणार नाही अशी वेळ आली तर. दुकानात ‘हेमा-फ्री’ असं लिहिलेली बाटली दाखवतील, तिला भुलू नकोस. त्यात हेमाचीच भावंडं असतात.

तुझी ती मैत्रीण घरी नखं लावून देते ना, तिला तर हे आजच सांग. तिची बोटं म्हणजे तिची कमाई. साध्या रबरी हातमोज्यांतून ॲक्रिलेट काही मिनिटांत पार होतं. नायट्राइलचे मोजे घाल म्हणावं, अर्ध्या तासाच्या आत बदल, जेल लागलं तर लगेच टाकून दे. नखं घासताना धूळ उडते, म्हणून तोंडाला मास्क हवाच; ती धूळ पापण्यांवरही बसते.

नख मुळापासून नवं यायला साधारण सहा महिने जातात. तोवर भांडी घासताना आत सुती आणि वरून रबरी मोजे घाल, रात्री बोटांना व्हॅसलीन चोळ. दवाखान्यात जाताना जेलची बाटली, नाहीतर तिचा फोटो, सोबत ने, डॉक्टर आधी तेच विचारतील. एकटीला जायला नको वाटत असेल तर सांग, मी येते.