झाड आपले, वाट कुणाची?

संगमेश्वर तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर प्रस्तुत लेखकाचे वीस साग उभे होते, वडिलांनी लावलेले. वखारवाला आला, बुंध्यांना टेप लावली आणि भाव सांगण्याआधी विचारले, "ट्रक कुठपर्यंत येतो?"

"अगदी झाडाखाली!" लेखक ऐटीत म्हणाला. बैलगाडी येत असे, तर ट्रकही येईलच, एवढाच त्यामागचा अभ्यास.

तोडीच्या कागदांत मात्र तो कुठे कमी पडला नाही. साग स्वतःच्या जमिनीत असला, तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत तो आहेच. आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळही आहेत. सातबारा जोडला, हद्द दाखवली, पाहणी झाली, ओंडक्यांवर हातोड्याच्या निशाण्या उमटल्या, वाहतूक पासही मिळाला. त्यावर गाडीचा नंबर, मार्ग आणि मुदत. मेअखेरीस ट्रक आला आणि चुलतभावाच्या गडग्यापाशी थांबला.

गडग्यातले खिंडार जेमतेम सात फुटांचे. भाऊ त्यातच उभा. "दादा, हितनं गाडी न्हाय जायाची." मागे चिऱ्याच्या गाडीने हाच गडगा पाडला होता आणि तो पुन्हा रचायला कुणी फिरकले नव्हते. खालच्या थरातले दोन दगड अजून मातीत रुतलेले त्याने पायाने दाखवले. त्याचे काय चुकले?

समजुती घालण्यात पासची मुदत संपली. ड्रायव्हर हॉल्टिंगचे पैसे घेऊन दुसऱ्या भाड्याला गेला. दुसरी गाडी म्हणजे दुसरा नंबर, म्हणजे पासही दुसरा. तेवढ्यात पाऊस लागला. सागाचा गाभा दणकट, पण बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो. भाव पाडायला वखारवाल्याला आयतेच निमित्त मिळाले. लाकडाच्या धंद्यात अर्धा भाव वाट ठरवते, हे त्याने पहिल्याच प्रश्नात सांगितले होते. लेखकाला ते दिवाळीत कळले.

तेव्हा ज्याला झाडे विकायची आहेत, त्याने कुऱ्हाडीआधी गाव नकाशा काढावा. वाट त्यावर आहे का? सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात तिची नोंद आहे का? पूर्वापार वाट कुणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल, तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३: शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता. दोन्हींत गल्लत झाली की अर्ज भलत्याच दिशेला जातो. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची सातबाऱ्यावर नोंद व्हावी, असे म्हटले आहे. पण शेजाऱ्याशी अर्जाने भांडण्यापेक्षा लेखी संमती स्वस्त पडते. तिच्यात किती फूट गडगा उतरवायचा, किती दिवस, पुन्हा कोण रचणार, एवढे स्पष्ट लिहावे.

मधे वनखात्याचा पट्टा असेल, तर तिथे एक खड्डासुद्धा आपल्या मर्जीने बुजवू नये. वनजमिनीतून नवा रस्ता काढायला १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. जेसीबीवाला म्हणेल, "अर्ध्या तासाचं काम." गुन्हा दाखल व्हायलाही तेवढाच वेळ पुरतो.

डांबरी रस्त्याला लागले तरी सुटका नाही. ओला साग अंदाजापेक्षा जड भरतो, म्हणून वजनकाट्याची पावती घ्यावी. मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. ओंडके ठरलेल्या मापाबाहेर डोकावले, तर त्याचे वीस हजार वेगळे, आणि ते उतरवण्याचा खर्चही आपलाच. पासासाठीचा अर्ज वाट मोकळी झाल्यानंतर, गाडी नक्की झाल्यावर करावा. २०२३ च्या डिसेंबरअखेरीपासून पासाची ऑनलाइन राष्ट्रीय व्यवस्था आली. परराज्यात माल पाठवणाऱ्याची त्यामुळे सोय झाली. गडग्यापाशी उभ्या भावाला मात्र तिचा काही उपयोग नाही.

अजून सहा साग उतारावर शिल्लक आहेत. यंदा लेखक आधी भावाकडे गेला. दोघांनी मिळून टेप धरली, अकरा फूट ठरले. संमतीपत्राचा मसुदा भावाने दोनदा वाचून घेतला आणि शेवटी स्वतःची एक ओळ घालायला लावली: गडगा रचायला माणूस माझा, मजुरी दादाची, आणि ती गाडी आत येण्याआधी.